मुंग्यांची मूठ

माझी बायको म्हणते, समोरच्याने नुसता राम राम घातला तरी हे आधी त्याच्या खिशाकडे बघतात. तिचं चुकत नाही. शिरूरमध्ये बसून एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. रस्त्याचं उद्घाटन असलं की मी पुढाऱ्याकडे न बघता डांबराच्या थराकडे बघतो. वृक्षारोपण असलं की पुढच्या आठवड्यात परत जाऊन रोपं जागेवर आहेत का ते पाहतो. बहुतेक वेळा नसतात, त्यामुळे स्वभाव सुधारायचं काही कारण मला कधी मिळालं नाही.

भुकेच्या बातमीवर तर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कोरोनाच्या टाळेबंदीत मार्केट यार्डाबाहेर मी एक प्रकार पाहिला होता. एका पुढाऱ्याच्या माणसांनी एका म्हातारीला किराण्याचं किट दिलं. फोटो हलला म्हणून ते परत घेतलं आणि पुन्हा दिलं. तो दुसरा फोटोही कुणाच्या तरी डोक्याआड गेला. तिसऱ्या खेपेला म्हातारीने हात पुढे करण्याआधीच पदर नीट करून कॅमेऱ्याकडे तोंड केलं. छापून आलेल्या फोटोत पिशवीवरचा पुढाऱ्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता, म्हातारीचे मात्र नुसते हात आले होते. ती बातमी मीच पाठवली होती, 'गरजूंना मदतीचा हात' असा मथळा देऊन. उपाशी माणूस आमच्या पानावर येतो तो कुणीतरी त्याला काही देत असतानाच. आदल्या दिवशी तो काय खात होता हे आम्ही विचारत नाही. मीही म्हातारीला विचारलं नव्हतं.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, भीमेच्या पलीकडे दौंड तालुक्यात दिलेली आहे. न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागलं आणि पूल ओलांडला की थोड्या अंतरावर तिचं गाव. दाजी एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होते. ठेकेदाराच्या माणसांना सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात आणि थोड्या दिवसांनी परत बोलावतात. त्या वर्षी दाजींना परत बोलावलंच नाही. त्यात त्यांच्या कमरेच्या मणक्याचं दुखणं निघालं आणि अक्का एकटीच लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. घरात दोन पोरी शाळेत जाणाऱ्या. रेशनकार्ड ऑनलाइन झालं नव्हतं, त्यासाठी तिचे हेलपाटे चालू होते.

एवढं मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण ते लपवून गोष्ट रंगवायची माझी लायकी उरलेली नाही. त्या वर्षी अक्काच्या घरची भाकरी गावातल्या गिरणीवर चालली होती, फुकटच्या पिठावर. ते कुणाला कळू नये एवढंच तिला हवं होतं. तिच्या दारातून चहा न पिता कुणी गेलेलं मला आठवत नाही आणि तिला तेच घर गावाच्या डोळ्यांसमोर उभं ठेवायचं होतं.

गिरणी जुनी, एका मुसलमान घराण्याची, चार पिढ्या त्याच गावातली. आता जे चालवतात त्यांना सगळे चाचा म्हणतात. दौंडचा आमचा बातमीदार रजेवर होता, म्हणून तिथल्या ग्रामसभेच्या बातमीसाठी गेलो असताना माझ्या गाडीचं चाक पंक्चर झालं. दुकान गिरणीच्या समोरच होतं, म्हणून मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. गिरणीत डब्यांची रांग लागली होती. चाचा एकेक डबा काट्यावर ठेवत होते, वजन मोठ्याने सांगत होते आणि डबा आत नेत होते. एक डबा त्यांनी ठेवला आणि काट्याची सुई जेमतेम हलली. चाचा मोठ्याने म्हणाले, "सहा किलो ज्वारी."

मी बसल्या जागी ताठ झालो. नुसत्या पत्र्याच्या डब्याला जेवढी सुई हलावी तेवढीच ती हलली होती. पाच-सहा डब्यांनंतर पुन्हा तसंच झालं. संध्याकाळी ग्रामसभा उरकून परतलो तेव्हा त्यातलाच एक डबा एका बाईच्या डोक्यावर होता आणि तिच्या मानेवरून कळत होतं की तो आता चांगला भरलेला आहे. पदर पुढे ओढलेला होता, चेहरा दिसला नाही. रिकामा डबा आत जातो आणि भरून बाहेर येतो. माझ्या डोक्यात लगेच बातमी तयार झाली: रेशनचं धान्य मागच्या दाराने येत असणार, इथे दळलं जात असणार आणि पुढच्या दाराने विकलं जात असणार.

इथे एक गोष्ट कबूल करतो. गिरणीवाला माझ्या जातीचा, नात्यागोत्यातला असता, तर मी त्या सुईकडे इतकं टक लावून बघितलं असतं का? या प्रश्नाचं खरं उत्तर मला येतं, आणि ते मला आवडत नाही.

त्या दिवशी मुक्कामाला अक्काकडेच गेलो. तिने पिठलं केलं, भाकरी थापली. भाकरीचा काठ चिरलेला होता आणि रंग धड ज्वारीचाही नव्हता, धड बाजरीचाही नव्हता. अक्काची भाकरी म्हणजे आमच्या घरात कौतुकाचा विषय, कशी चंद्रासारखी गोल.

"अक्का, हात विसरलीस का काय?" मी चिडवलं.

"पीठ जुनं झालंय," ती म्हणाली. "खा गुमान."

मी खाता खाता गिरणीचं सांगायला सुरुवात केली. सुई, मोठ्याने सांगितलेलं वजन, भरून आलेला डबा, सगळं. दाजी भिंतीला पाठ लावून बसले होते. ते एकदम पाणी प्यायला उठले, कमरेचं दुखणं असताना. अक्का तव्याकडे बघत म्हणाली, "जाऊ दे ना. त्या म्हाताऱ्यामागं कशाला लागतोस? चांगला माणूस हाय."

"चांगली माणसंच असली कामं करतात, अक्का. कुणाला संशय येत नाही."

"तुला तेवढा सगळ्यांचा येतो," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकली.

मला वाटलं, हिलाही चाचाने काहीतरी देऊन गप्प केलंय. माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल मी हे मनात आणलं, तिची भाकरी तोंडात असताना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा काखेतही नव्हता, ताटातच होता.

त्यानंतर मी तीनदा त्या गावाला गेलो. प्रत्येक खेपेला पंक्चरच्या दुकानात चाकाची हवा बघून घ्यायच्या निमित्ताने बसलो. गिरणीच्या मागे टेम्पो येतो का, गोण्या उतरतात का, डोळ्यांत तेल घालून पाहिलं. काहीच आलं नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. दळण घेऊन निघणारी प्रत्येक बाई आपल्या डब्यातून मूठभर पीठ काढून दारातल्या पत्र्याच्या पिंपात टाकत होती. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मुंग्यांची मूठ हाय ती. मुंग्यांना घालत्यात." आमच्याकडे मुंग्यांच्या वारुळाला पीठ घालायची रीत आहेच, पण पिंप कमरेएवढं उंच होतं. एवढं पीठ खाणाऱ्या मुंग्या कुठल्या, असं मी त्याला विचारलं. तो ट्यूबला ठिगळ चिकटवत राहिला.

शेवटी मी सरळ चाचांपुढे जाऊन उभा राहिलो आणि सुईचं विचारलं. चाचांनी पट्टा बंद केला. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"माझ्या बापानं दुष्काळात सुरू केलंय हे," ते म्हणाले. "ज्याच्या घरात दाणा न्हाई त्यानं रिकामा डबा झाकण लावून आणायचा, समद्यांसारखा रांगंत ठेवायचा. मी वजन बोलतो, डबा आत नेतो, पिंपातलं पीठ भरतो. भरला डबा आणणारी आन् रिकामा आणणारी, रांगंत सारखीच दिसली पायजे. एवढंच काम हाय आमचं."

"मग मुंग्यांचं नाव कशाला?"

"मुंग्यांना देताना कुणाला मोठं वाटत न्हाई, आन् घेणाऱ्याला बारीक वाटत न्हाई."

"कोण कोण येतं?"

 चाचा हळू म्हणाले, "पाव्हणं, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी बोललोबी नसतो. तुम्ही तरी ह्यात पडू नका."

'तुम्ही तरी' हे दोन शब्द मी खिशात घालून आणले आणि घरी येऊन उलटसुलट करून पाहिले. त्यात मला धमकी दिसली. पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा राहा, असं काहीतरी. त्या दोन शब्दांत अक्काचं नाव होतं हे मला सुचलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गिरणीत होतो. नमाजाची वेळ झाली तशी चाचांनी हात झटकले आणि टोपी घातली. "जरा बघा हं, आलोच," असं म्हणून ते निघून गेले. सगळी गिरणी माझ्यावर टाकून गेले, कुलूप नाही की काही नाही. ज्या माणसाचा मी महिनाभर माग काढत होतो त्याला माझा संशय आला नाही आणि त्याचाही मला संशय आला. हा एवढा भोळा कसा असेल?

आत गोणपाटाचा पडदा होता. मी तो सारला. मागे पाच-सहा डबे ओळीने ठेवलेले होते. मी एकेक झाकण उघडून पाहिलं. दोन रिकामे, एक अर्धा, बाकीचे भरलेले, आणि पीठ सगळं मिसळलेलं: ज्वारी, बाजरी, थोडे गहू. चाचांनी सांगितलं तसंच होतं सगळं. मी मोबाइल काढला आणि पुरावा म्हणून फोटो घेतला. पुरावा कसला, कुणाविरुद्ध, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. हाताला सवय होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गिरणीवर दळण नेणाऱ्या कुणालाही सांगावी लागत नाही. गिरणीत माणसं ओळखत नाहीत, डबे ओळखतात. कुणाच्या झाकणाला लाल रंगाचा ठिपका, कुणाच्या बुडाला पोचा, कुणाचा तेलाचा डबा कापून केलेला. बाई घरी निघून जाते, डबा मागे राहतो आणि गावातलं शेंबडं पोरही सांगतं की हे अमक्याचं दळण. आमच्या घरी दहा वर्षांपूर्वी घरघंटी आली, तेव्हापासून मी गिरणीची पायरी दळणासाठी चढलो नव्हतो. मी हे विसरलो होतो.

डेस्कला मी गोष्ट सांगितली तेव्हा घोटाळा निघाला नाही म्हणून जरा खट्टूच होतो. पुण्याहून पुरवणीवाल्या मॅडम मात्र खूश झाल्या. "अहो, किती पॉझिटिव्ह आहे! फोटो आहे ना?" मी म्हणालो, माणसांचे नाहीत, चेहरे द्यायचे नाहीत. गावाचं नाव देणार नाही, गिरणीवाल्याचंही नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला. बाकीचे म्हातारीला तीनदा उभी करतात, मी बघा कसा सांभाळून लिहितो. "मग डब्यांचा पाठवा," त्या म्हणाल्या. "सिम्बॉलिक आहे." मी पाठवला.

रविवारी बातमी आली. 'भुकेल्यांची गिरणी' हा मथळा त्यांचा, मजकूर माझा. फोटो चार कॉलमी, रंगीत, खाली ओळ: 'गरजूंचे डबे'. सकाळपासून अभिनंदनाचे फोन सुरू झाले. दुपारी कुणीतरी मला अक्काच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज पुढे पाठवला. माझाच फोटो होता. त्यातल्या एका डब्याभोवती लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ओळखा पाहू.' खाली उत्तरं आली होती. पहिल्याच उत्तरात दाजींचं आडनाव होतं आणि पुढे हसणारी तोंडं.

मी फोटो मोठा करून पाहिला. पत्र्याचा डबा, झाकणाला निळ्या वायरची कडी. ती कडी मी वळली होती. मी सातवीत असताना आईच्या पिठाच्या डब्याची मूळ कडी तुटली, तेव्हा विजेच्या खांबाखाली पडलेली वायर आणून पक्कडीने मी ती बसवून दिली होती. आईने अक्काच्या लग्नात तो डबा रुखवतातल्या भांड्यांबरोबर दिला होता. गिरणीत मी ते झाकण त्याच कडीला धरून उचललं होतं. आत पीठ आहे का एवढंच मी बघितलं होतं.

मी गाडी काढली आणि सुटलो. पोहोचलो तेव्हा अक्काच्या दारात एका वाहिनीची गाडी उभी होती. बाजूला सरपंचांचे दोन कार्यकर्ते किटची पिशवी घेऊन थांबले होते, पिशवीवर फोटो छापलेला. माइकचा दांडका पुढे करून एक मुलगी अक्काला विचारत होती, "ताई, किती दिवस उपाशी होता तुम्ही?" शेजारणी भिंतीवरून बघत होत्या. चाचाही कडेला उभे होते, पिठाच्याच कपड्यांत. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

अक्का उंबऱ्यात उभी होती. तिने मला गर्दीत पाहिलं.

"त्यो डबा आमचा न्हाई," ती त्या मुलीला म्हणाली. "आमचे बंधूच पत्रकार हायेत. त्यांस्नी विचारा आमच्या घरात काय कमी हाय."

दांडका माझ्याकडे वळला. बावीस वर्षांत मी कितीतरी माणसांना खोटं बोलताना पकडलं होतं. त्यांचा गळा कसा कोरडा पडतो, ते मान कुठे वळवतात, मला पाठ आहे. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "काही कमी नाही. तो डबा त्यांचा नाही. मी ओळखतो ना आमच्या घरचे डबे." अक्का आत गेली आणि तिने कडी लावली. कार्यकर्त्यांनी पिशवी दारात टेकवली, तिचा फोटो घेतला आणि ते गेले. माझं वाक्य वाहिनीवर लागलंही नाही. पिशवीचं दृश्य मात्र लागलं.

दाजी मागच्या बाजूला गोठ्याच्या वळचणीला बसले होते. मी शेजारी बसलो.  ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत्यात. तुम्ही चार कॉलमी उघडली." ते हसले नाहीत. मला रडू आलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला असता तर बरं झालं असतं, पण त्यांनी ठेवला नाही.

त्यानंतर त्या गिरणीत रिकामा डबा आला नाही. येईल कसा? आता रांगेत कुणाचाही डबा हलका वाटला की बाया एकमेकींकडे बघतात. काही तर झाकण उघडं ठेवूनच डबा आणतात, आतले दाणे दिसावेत म्हणून. मूठ टाकायची रीत चालू आहे, पिंप भरतं, आणि चाचा ते पीठ नदीकडच्या वाटेवर नेऊन खरोखरच मुंग्यांना घालतात. मी माफी मागायला गेलो होतो. चाचांनी चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला. उठताना म्हणाले, "तुम्ही वाईट लिवलं न्हाई, पाव्हणं. लई चांगलं लिवलं." ते त्यांनी कसल्या अर्थाने म्हटलं याचा मी अजून विचार करतो. निघताना पाहिलं तर गोणपाटाचा पडदा काढलेला होता आणि मागे नुसती भिंत होती.

बातमीला जिल्ह्याच्या एका संस्थेचा पुरस्कार द्यायचं घाटत होतं. मी नाही म्हणालो, तर लोकांना वाटलं मी भाव खातोय. असू दे.

एकदा मी ज्वारीचं पोतं गाडीवर बांधून अक्काकडे नेलं. तिने ते उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावलं आणि म्हणाली, "फोटू काढायचा असंल तर आधी काढून घे." मी पोतं तिथेच ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी तिने ते पोतं एसटीने शिरूरला परत पाठवलं, वर शेंगांची पिशवी बांधून. पोतं ठेवून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे तिला पक्कं माहीत असणार.

मी अजून जातो. अक्का बोलते, हसते, बायकोची, पोरांची चौकशी करते. आईचा डबा दिसत नाही, मी विचारत नाही. त्याच्या जागी प्लास्टिकचा पांढरा डबा आला आहे. मी जेवायला बसलो की ती आधी तो डबा माझ्यासमोर आणते आणि झाकण उघडते. "बघ, भरल्याला हाय," म्हणते, एखाद्या साहेबाला दाखवावं तसं. पीठ काठापर्यंत असतं, वरून सपाट केलेलं. पाहुणे यायचे असले आणि घरात पीठ कमी असलं की आमची आई डब्यात पातेलं पालथं घालायची आणि वरून पीठ पसरायची. हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे अक्कालाही ठाऊक आहे. त्या पिठात बोट घालून बघायला माझा हात शिवशिवतो. मी तो मांडीखाली दाबून ठेवतो आणि म्हणतो, "व्हय अक्का, भरल्याला हाय."

मग ती झाकण लावते आणि मला दोन भाकरी वाढते. मी तिला आणि पोरींना बरोबर बसायला सांगतो. "आमचं मघाशीच झालं," ती म्हणते. "तू जेव." मी हात धुवायला मोरीशी जातो. मोरीत एकही खरकटं ताट नसतं.